जावयानं दिलेले टायर

तिला लहानपणापासून सगळे भिंगरी म्हणत. नाव ठेवणारा बाप कधीच गेला, पण नाव अंगाला चिकटलं ते चिकटलंच. पन्नाशी उलटली तरी बाई एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ. चहाचा कप हातात घेऊन ती खिडकीशी जायची, तिथून दाराशी, दारातून परत ओट्याशी, आणि चहा संपला की कप कुठे ठेवला ते शोधत पुन्हा तीच फेरी. नवरा अगदी उलटा. तो वाचनालयात काम करायचा आणि घरीही वाचनालयात असल्यासारखाच वागायचा. "अगं, बस की जरा," एवढंच म्हणायचा, तेही पानावरची नजर न काढता.

भिंगरीचा धंदा तिच्या स्वभावाला साजेसा होता. ती घरोघर जाऊन केस कापायची. धडधाकट माणसांचे नाही, तर ज्यांना खाटेवरून उठता येत नाही अशांचे. अशा माणसाच्या केसांकडे कोणाचं लक्ष नसतं. औषध वेळेवर मिळतं, जेवण वेळेवर मिळतं, आणि केस मात्र मानेवर वाढत जातात, उशीला घासून त्यांचा गुंता होतो, मग एक दिवस माणूस आरसा मागायचंच सोडून देतो. भिंगरी जायची, मानेखाली फुगवायचं रबरी बेसिन सरकवायची, केस धुवायची. मग एका कुशीवर अर्धं डोकं कापायचं, माणसाला अलगद कलतं करायचं आणि उरलेलं अर्धं. दोन्ही बाजू एकदम दिसत नाहीत, तरी सारख्या यायला हव्यात. काम संपवून ती समोर आरसा धरायची, आणि कितीही आजारी माणूस असला तरी त्याचा हात हळूच स्वतःच्या कानामागे जायचा. तेवढ्यासाठी ती गावभर पळायची.

बेसिन, चादरी, पाण्याची कॅन, कात्र्यांची पेटी असा सगळा संसार तिच्या छोट्या गाडीत मावायचा. गाडी जुनी होती. पॉवर स्टिअरिंग नावाची चैन तिच्यात नव्हती. स्टिअरिंगचं चाक वळवायचं तर दंडांनीच. पण गाडी आटोपशीर होती, आणि भिंगरीची गिऱ्हाइकं तर बोळाबोळांत, चढाउतारांवर राहायची. लेक म्हणायची, "आई, आता बदल ना ही." भिंगरी म्हणायची, "मोठी गाडी घेऊन काय कोपऱ्यावरून ओरडून केस कापू?"

एका रविवारी जावई आले आणि म्हणाले, "आई, किल्ली द्या. सर्व्हिसिंग करून आणतो." जावई टाइल्सच्या दुकानात विक्रीचं काम करत. बोलायला गोड, पण गाडी हा विषय निघाला की त्यांना थांबवणं कठीण. संध्याकाळी त्यांनी गाडी दारात आणून उभी केली तेव्हा भिंगरीनं आधी ती ओळखलीच नाही. खाली चकचकीत चाकं, त्यांवर चांगले रुंद, नवे कोरे टायर. चिमुरड्या पोरानं बापाचे बूट घालावेत तशी गाडी दिसत होती.

"आमच्याकडून भेट," जावई म्हणाले. लेक मागे उभी राहून हसत होती.

"छान आहेत हो," भिंगरी म्हणाली. दुसरं काय म्हणणार? लेकीच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते, सासू-जावयांचं नातं अजून पाहुणचाराच्या पायरीवरच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाडी काढायला स्टिअरिंग फिरवलं, आणि ते हललंच नाही.

म्हणजे हललं, पण दोन्ही हातांनी लोंबकळल्यावर. फाटकातून बाहेर पडेपर्यंत तिच्या पाठीला घाम फुटला. मोठ्या रस्त्यावर लागल्यावर गाडी ठीक चालली, उलट जास्तच डौलात चालली. पण वेग कमी झाला, वळायची वेळ आली, की चाक तिच्याशी भांडायला उठायचं. पहिले काही दिवस ती स्वतःला सांगत राहिली, नवे आहेत, रुळतील. रुळले नाहीत. आणि मग तिच्या डोक्यात तो किडा शिरला.

तिचा उजवा खांदा गेले काही महिने दुखत होता. हात वर धरून कात्री चालवायची म्हटल्यावर दुखणारच, असं म्हणून तिनं तिकडे कानाडोळा केला होता. आता रोज गाडीतून उतरताना खांद्यात कळ यायची आणि प्रश्न पडायचा: जड काय झालंय? गाडी, की मी?

विचारणार कोणाला? लेकीला सांगावं तर ती वाटच बघत होती. "आई, पुरे आता ही वणवण," हे वाक्य तिच्या जिभेवर तयारच असायचं. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणणार, विश्रांती घे. भिंगरीला विश्रांती या शब्दाचीच धडकी भरायची. तिनं मूग गिळून गप्प राहायचं ठरवलं आणि स्वतःच्या हाताची गुपचूप परीक्षा घ्यायला लागली. पाण्याची भरलेली कॅन उजव्या हातानं उचलून बघायची. स्वयंपाकघरातल्या बरण्यांची झाकणं सगळा जोर लावून आवळायची आणि पुन्हा उघडून बघायची. कधी उघडायची, कधी नाही.

"या घरात साखरेची बरणी कोण वेल्डिंग करून ठेवतं?" एकदा नवरा बरणी पोटाशी धरून म्हणाला. भिंगरी खिडकीबाहेर बघत राहिली.

मग आली कोचबाईंची पाळी. कोचबाई म्हणजे एके काळी गावातल्या निम्म्या पोरांना पोहायला शिकवलेली बाई. आता खुब्याचं हाड मोडून बिछान्याला खिळलेली, पण आवाज अजून तलावाच्या या काठावरून त्या काठाला पोचेल असा. जन्मभर केस आखूड ठेवलेले. कानावर एक बट आली तरी त्यांचा जीव कासावीस व्हायचा. त्या भावाकडे राहायच्या, एका चढावरच्या गल्लीच्या टोकाला. शेवटचं वळण असं, की एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला गटार.

त्या वळणावर भिंगरी अडकली. गाडी आडवी उभी. पुढे भिंत, मागे टेम्पो. तिनं चाकाला दोन्ही हात घातले, पाय खाली रोवले, दातओठ खाल्ले. चाक थोडं वळलं आणि दंड थरथरायला लागले. टेम्पोवाल्यानं भोंगा वाजवला, त्याच्यामागच्या दुचाकीनं वाजवला, वरच्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत आल्या. शेवटी टेम्पोवाला उतरून आला. चांगला दांडगा गडी.

"काकू, उतरा. मी काढतो."

तिला उतरावं लागलं. त्यानं एक हुंकार भरला, चाक फिरवलं, गाडी मागे घेऊन तोंड खाली करून दिली. एक शब्द वाकडा बोलला नाही, पण त्याच्या त्या न बोलण्याचंच तिला वाईट वाटलं. घरी आल्यावर तिनं कोचबाईंना फोन केला, "गाडी बिघडलीय हो." पुढच्या आठवड्यात, "जरा कणकण आहे." त्यापुढच्या आठवड्यात तर फोनच केला नाही. मोठ्या रस्त्यालगतची दोन नवी कामं धरली आणि त्या गल्लीचं नाव टाकलं. पण जिवाला चैन पडेना. दुसऱ्याचे केस कापताना मध्येच हात थांबायचा. लाल दिव्याशी उभी असताना बोटं चाकावर ताशा वाजवत राहायची. घरात ती एका खोलीत काहीतरी आणायला जायची आणि काय ते विसरून दुसऱ्या खोलीत जायची. नवऱ्यानं अखेर पुस्तक मिटलं.

"काय झालंय?"

"कुठे काय?"

त्यानं पुस्तक पुन्हा उघडलं. पण पान बराच वेळ उलटलं नाही.

मग कोचबाईंच्या भावाचा फोन आला. "येणार नसाल तर तसं सांगा बाई. आमच्या ताईनं घर डोक्यावर घेतलंय."

भिंगरी गाडी खाली मोठ्या रस्त्यावर लावून पिशवी खांद्याला मारून चढ चढली. दार उघडून आत गेली आणि उंबऱ्यातच थबकली. कोचबाईंनी स्वतःचे केस स्वतःच कापले होते. स्वयंपाकघरातल्या कात्रीनं, झोपल्या झोपल्या, आरशाशिवाय. एका कानावर टक्कल पडल्यासारखं, दुसऱ्या कानावर झुपका, कपाळावर जिना.

"बघतेस काय?" कोचबाई गरजल्या. "तुझी वाट बघून बघून मीच उरकलं."

ती खाटेच्या कडेवर बसली, आणि पुन्हा गाडी बिघडल्याचं सांगायला तोंड उघडलं ते वेगळंच बाहेर पडलं. टायर, खांदा, टेम्पोवाला, बरण्या, सगळं. कोचबाई ऐकून घेत होत्या. हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं.

"मग दुसऱ्या कोणाला बसवलंस का त्या गाडीत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग तुला कसं कळणार? मी दोन महिने म्हणत होते हाड नीट जुळलं नाही, हाड नीट जुळलं नाही. डॉक्टरला शिव्या घातल्या. निघालं काय, तर गादीत खड्डा पडलेला. भावाला झोपवला हिच्यावर एक दुपार, तेव्हा कळलं. त्याची पाठ अजून धरलीय." आणि मग डोकं तिच्याकडे कलतं करून म्हणाल्या, "आता एवढं सारखं करून दे. तोंड दाखवायची लाज वाटते."

बेसिन गाडीतच राहिलं होतं. भिंगरीनं ओल्या फडक्यानं केस पुसून जमेल तेवढं नीट केलं. उरलेलं पुढच्या खेपेला, म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिनं नवऱ्याच्या हातात किल्ली दिली. "जरा मागच्या मैदानात गाडी वळवून दाखवा."

"मी? कशाला?"

"अहो, चला म्हणते ना."

नवरा वर्षातून कधीतरी गाडीला हात लावायचा. त्यानं चष्मा सारखा केला, आरसा सारखा केला, गाडी सुरू केली आणि चाक वळवायला गेला. मग दोन्ही हातांनी वळवायला गेला. मग त्याची मान लाल झाली.

"अगं, हे काय झालंय गाडीला? जातं ओढतोय की काय मी!"

भिंगरी मैदानाच्या कठड्यावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. नवरा घाबरून गाडीतून उतरला. तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं.

"इतके दिवस एकटीच कुढत होतीस?" तो म्हणाला. मग गाडीचं दार लावत, "जावयांना सांगायला हवं."

"तुम्ही सांगा."

"मी कशाला? टायर तुला दिलेत."

दोघांनीही सांगितलं नाही. त्याऐवजी चोरी करायला निघाल्यासारखे दोघं टायरच्या दुकानात गेले. दुकानदार टायरच्या उतरंडीमागून बाहेर आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि चाकाशी उकिडवा बसला.

"टायर उत्तम आहेत," तो म्हणाला. "पण या गाडीला नाहीत. जेवढा रुंद टायर, तेवढं जास्त रबर वळताना रस्त्यावर घासणार. पॉवर स्टिअरिंगची गाडी असती तर ते मशीननं ओढलं असतं. इथं ते तुमच्या दंडावर येतं. त्यातून गाडी उभी असताना वळवायला गेलात तर विचारूच नका."

"हवा वाढवली तर?" नवऱ्यानं विचारलं. तो येण्याआधी काहीतरी वाचून आला होता.

"हलकं होईल थोडं. मग गाडी खड्ड्यात उड्या मारेल आणि ब्रेक लागेल तेव्हा लागेल. ते नका करू." मग त्यानं भिंगरीपुढे दोन रस्ते ठेवले. हीच चकचकीत चाकं ठेवून त्यांवर जरा अरुंद टायर चढवायचे, म्हणजे थोडं हलकं होईल, शोभाही राहील. नाहीतर मूळची लहान लोखंडी चाकं आणि कंपनीनं दिले होते त्याच मापाचे बारीक टायर. "मग पहिल्यासारखी हलकी होईल. पण दिसायला जुनीच दिसेल."

भिंगरीनं दुकानात फेऱ्या मारायला सुरुवात केली. मधला रस्ता सोयीचा होता. जावयांना कळलंही नसतं, कोणाचं मन दुखावलं नसतं. पण थोडं हलकं म्हणजे किती? त्या वळणावर पुरेल इतकं? टायर काही चपलेसारखे घालून बघता येत नाहीत. तिनं एका टायरवर हात फिरवला, दुसऱ्यावर फिरवला, पुन्हा पहिल्याशी आली. "हे द्या," म्हणाली, आणि दुकानदार उठेपर्यंत "नको, थांबा," म्हणाली.

"ताई, एकदा काय ते ठरवा."

"उद्या येते," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

घरी आले तर दारात लेक-जावई उभे. जावयांची नजर तिच्या हातांकडे गेली. बोटं टायरच्या काळ्यानं माखली होती.

"पंक्चर झाला का आई?"

आता मात्र तिला राहवलं नाही. "पंक्चर नाही हो. तुमचे टायर मला झेपत नाहीत."

लेक म्हणाली, "आई!" नवऱ्यानं कुलूप उघडायला घेतलं आणि किल्ली भोकात घालायला भलताच वेळ लावला. जावयांचा चेहरा पडला.

"दिसायला खूप छान आहेत," भिंगरी घाईघाईनं म्हणाली, "पण मला शोभेची काय गरज—"

"शोभेसाठी नव्हते ते," जावई म्हणाले. आवाज पहिल्यांदाच गोड नव्हता. "मागे तुमची गाडी उतारावर घसरली होती, आठवतं? तुम्ही आम्हाला हसत हसत सांगितलंत. घरी गेल्यावर ही रडत होती. मी चार जणांना विचारलं. सगळे म्हणाले, रुंद टायर घाला, पकड येते. चकचकीत चाकं त्याच्याबरोबर आली."

भिंगरी लेकीकडे बघत राहिली. लेक जमिनीकडे बघत होती. ते घसरणं तर ती स्वतः विसरूनही गेली होती.

"पण इतके दिवस तुम्ही बोलला का नाहीत?" जावयांनी विचारलं.

"अहो, तुम्ही जावई."

"म्हणजे परका."

तिनं किल्ली पुढे केली. "चला. तुम्हीच वळवून बघा. सरळ रस्त्यावर नाही हं. एका गल्लीत नेते तुम्हाला."

ती त्यांना कोचबाईंच्या चढावर घेऊन गेली. जावई तरणेबांड. पण त्या वळणावर पुढे-मागे, पुढे-मागे करताना त्यांचेही दंड भरून आले आणि तोंडातून एक शब्द निसटला, जो सासूसमोर उच्चारायचा नव्हता. भिंगरीनं ऐकला नाही असं दाखवलं.

"या गाडीतून तुम्ही रोज कामं केलीत?" ते म्हणाले.

"रोज नाही. इथे यायचं सोडलं होतं."

दुसऱ्या दिवशी दुकानात ते तिच्याबरोबर गेले. त्यांचा पहिला प्रश्न घसरण्याचा होता. दुकानदार म्हणाला, गाडी घसरली ती टायर बारीक होते म्हणून नव्हे, जुने होऊन दगडासारखे कडक झाले होते म्हणून. आता बारीकच घ्या, पण मऊ रबराचे घ्या, पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल खाचांचे. "फक्त ते लवकर झिजतील. कडक घेतलेत तर वर्षानुवर्षं बघायला नको."

या खेपेला भिंगरीनं फेऱ्या मारल्या नाहीत. "झिजले तर झिजू देत," ती म्हणाली. "मला थांबणारे हवेत आणि वळणारे हवेत." दुकानदारानं फळीवरून जोडी काढली तेव्हा जावयांनी टायर कधी बनला ते सांगणारे त्याच्या कडेवरचे बारीक आकडे वाचले आणि नकारार्थी मान हलवली. टायर होता नवा, पण फळीवर पडून म्हातारा झालेला. त्यांनी दुकानदाराला ताजे मागवायला लावलं. त्यासाठी दोन दिवस थांबावं लागलं, आणि ते दोन दिवस भिंगरीनं घरातली सगळी कपाटं आवरून काढली. नवरा वाचनालयात जास्तीचं काम आहे म्हणून पळाला.

नवे टायर चढले. लोखंडी चाकांवर गाडी पुन्हा बुटकी, साधी दिसायला लागली. जावई शेजारच्या सीटवर बसले आणि भिंगरी त्याच चढावर निघाली. वळण आलं. तिनं गाडी जराशी चालती ठेवूनच चाक फिरवायला घेतलं, दुकानदारानं सांगितलं होतं तसं. पहिल्या खेपेला थोडी चुकली. दुसऱ्या खेपेला गाडी भिंत आणि गटार यांच्यामधून अशी निघाली, की गॅलरीतल्या बायकांना बघायला काही उरलं नाही.

जावई हसले. भिंगरीही हसली, आणि हसताना तिचा डावा हात उजव्या खांद्याकडे गेला. कळ होती. पूर्वीपेक्षा कमी, पण होती. टायर बदलले तरी ती गेली नव्हती.

क्षणभर तिला वाटलं, गप्प बसावं. मग तिनं गाडी थांबवली. "खांदाही दुखतोय हो माझा," ती म्हणाली. "सगळा दोष टायरचा नव्हता."

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," जावई म्हणाले. वणवण पुरे वगैरे काहीच म्हणाले नाहीत.

वर कोचबाई वाटच बघत होत्या. त्या दिवशी बेसिन होतं, वेळ होता. एका बाजूचं टक्कल लपवायचं तर दुसरी बाजूही तेवढीच आखूड करावी लागली. कोचबाईंनी आरशात पाहिलं, डोक्यावरून हात फिरवला. "पाण्यात उतरायला चांगलं आहे," म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. भिंगरी मानेवरचे बारीक केस ब्रशनं झटकत राहिली, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

डॉक्टरनं खांद्याला व्यायाम दिले आणि काम कमी करायला सांगितलं. व्यायाम ती करते, भांडत भांडत. कामं तिनं थोडी कमी केली आहेत, पण बंद केली नाहीत, आणि करणारही नाही, असं लेकीला तोंडावर सांगून झालंय. रविवारी लांबचं काम असलं की जावई येतात आणि गाडी तेच चालवतात. भिंगरी शेजारी बसते, खिडकी खाली घेते, वर घेते, मांडीवरची पेटी उघडून कात्र्या मोजते. उतार आला की तिचा उजवा पाय आपोआप पुढे जाऊन नसलेला ब्रेक दाबतो.

"आई, ब्रेक माझ्याकडे आहे," जावई म्हणतात.

"मग लावा की!" भिंगरी म्हणते.